वकिलाविना उभा राहिलेला गिडियन

कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, मग गरिबाला फुकटचा वकील कशाला हवा, असा सवाल काही शहाणी मंडळी करतात. कायदा तशी मुभा देतो हे खरे. परंतु मुभा वेगळी आणि लाचारी वेगळी. हा फरक अमेरिकेतील क्लॅरेन्स अर्ल गिडियन या कफल्लक माणसाने जगापुढे आणला. म्हणून त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गिडियनचा जन्म ३० ऑगस्ट १९१० रोजी मिसुरी राज्यातील हॅनिबल या गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना वडील वारले. आठवीनंतर शाळा सुटली, घरही सुटले. पुढचे आयुष्य भटकंती, चोऱ्या आणि तुरुंगवास यांतच गेले. तो गोरा होता, पण गरीब होता. आणि कोर्टाच्या दारात त्याची गरिबीच आडवी आली.

३ जून १९६१ रोजी फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एका पूल रूममध्ये चोरी झाली. यंत्रांतील सुटी नाणी आणि काही बाटल्या गेल्या. एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून गिडियनला अटक झाली. ४ ऑगस्टला खटला उभा राहताच त्याने वकील मागितला. परंतु फ्लोरिडात सरकारी खर्चाने वकील मिळे तो फक्त देहदंडाच्या गुन्ह्यात. न्यायाधीशांनी नकार दिला. गिडियनने स्वतःच साक्षीदारांना प्रश्न विचारले, स्वतःच ज्युरीपुढे बोलला. साक्षीदाराला नेमके कुठे पकडायचे हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते. पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात कायद्याची पुस्तके चाळून जानेवारी १९६२ मध्ये त्याने तुरुंगाच्याच कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि एब फोर्टास या नामांकित वकिलाची त्याच्यासाठी नेमणूक केली. १८ मार्च १९६३ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला : गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ऐपत नसलेल्या आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे. १९४२ चा उलटा निकाल त्याच दिवशी मोडीत निघाला.

५ ऑगस्ट १९६३ रोजी फेरखटला सुरू झाला. न्यायाधीश तेच, आरोप तोच, मुख्य साक्षीदारही तोच. या वेळी गिडियनच्या बाजूला फ्रेड टर्नर हे वकील होते. साक्षीदारच चोरांसाठी पहारा देत असावा, अशी शंका त्यांनी उलटतपासणीतून उभी केली. ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष सोडले. १८ जानेवारी १९७२ रोजी तो वारला. वकील नाही म्हणून त्याची दोन वर्षे तुरुंगात गेली, ती त्याला कोण परत देणार होते?

आपल्याकडे अटकेतील माणसाला पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिला. त्याचा मसुदा बाबासाहेबांनीच सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडला होता. खिशात पैसा नसणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र उरला. १९७६ मध्ये कलम ३९-अ आले. १९८६ मध्ये अरुणाचलातील सुक दास याची, वकिलाविना खटला चालवून दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरोपीने मागितला नाही म्हणून वकिलाचा हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने बजावले. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. तरीही आमच्या वस्तीतला पोरगा मॅजिस्ट्रेटपुढे मुकाट उभा राहतो आणि कुणी विचारले नाही म्हणून तो मागत नाही. प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी हे कलम १२ समजावून सांगावे. पोरगा पकडला गेला की त्याच दिवशी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज गेला पाहिजे. गिडियनला पेन्सिल हाती घ्यावी लागली, कारण त्याच्यासाठी कायदाच नव्हता. आपल्यासाठी कायदा आहे, तो वापरा!