कारकुनीतून थेट रणांगणावर. चाळिशीत वाट बदलणाऱ्या क्लारा बार्टन कोण होत्या?

डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत जखमीचा जीव टिकवणे, हे आज पॅरामेडिकचे काम. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच काम अंगावर घेणाऱ्या क्लारा बार्टन ना डॉक्टर होत्या, ना प्रशिक्षित परिचारिका.

आधी काय करत होत्या?
जन्म १८२१, मॅसॅच्युसेट्स. अनेक वर्षे शिक्षिका. बॉर्डनटाउनमध्ये त्यांनी मोफत शाळा उभी केली. ती वाढली, पण मुख्याध्यापकपद जास्त पगारावर एका पुरुषाला मिळाले. त्यांनी शाळा सोडली आणि वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकुनी धरली.

वळण कुठे आले?
१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. आघाडीवर मलमपट्टीचे सामानच वेळेत पोहोचत नव्हते. त्यांनी स्वतः सामान जमवले आणि १८६२ मध्ये रणांगणावर जाण्याची परवानगी मिळवली. अँटिएटमच्या लढाईत एका जखमीची शुश्रूषा करताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली. त्या वाचल्या, तो सैनिक दगावला. त्यांनी काम सोडले नाही.

पुढे काय झाले?
५९व्या वर्षी, १८८१ मध्ये, त्यांनी अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली. कारभारावरून वाद झाल्याने १९०४ मध्ये पद सोडावे लागले. तरी पुढच्याच वर्षी, ८३व्या वर्षी, सामान्यांना प्रथमोपचार शिकवणारी नवी संस्था काढली. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले. अपघातस्थळी पहिली मदत करणारा माणूस शिकलेला असावा, हा त्यांचा आग्रह आजही लागू आहे.