मैदानावरचे मास्तर : रहीमसाहेब

असरची नमाज झाली की इफ्तारपर्यंतचा तासाभराचा वेळ मोठा लांबतो. घशाला कोरड पडलेली असते आणि घड्याळाचा काटा हलत नाही. अशा वेळी पोरे मैदानाकडे वळतात. ज्यांचा रोजा आहे ती कडेला बसून बघतात, ज्यांचा नाही ती खेळतात. आपल्या माढ्यात खेळ म्हणजे क्रिकेट, कबड्डी, नाहीतर तालमीतली कुस्ती. फुटबॉलचे वेड पाहायचे तर कोल्हापूर गाठावे लागते. तरीही आज एका फुटबॉलवाल्याची आठवण सांगायची आहे. २०२४ च्या ईदला 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा अनेकांनी सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा ऐकले. ज्यांनी त्यांचा संघ डोळ्यांनी पाहिला होता, ती पिढी आता जवळपास संपत आली आहे.

रहीमसाहेब हैदराबादचे. हैदराबाद आपल्याला परके नाही. शेजारचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, निजामाच्या राज्यात होते. हैदराबादहून वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी करत मुंबईला जाणारी रेल्वे आपल्याच तालुक्यातून धावते.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिक्षण झाले. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे हैदराबादच्या कमर क्लबकडून ते फुटबॉल खेळले. पण पोटाचा उद्योग मास्तरकीचा. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांत त्यांनी नोकरी केली, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांचे खेळ सांभाळले. त्यांचा हा मास्तरकीचा पिंड शेवटपर्यंत सुटला नाही. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

आपल्याकडे तेव्हा फुटबॉल म्हणजे गोऱ्या पलटणींकडून उचललेला खेळ. चेंडू उंच मारायचा आणि त्यामागे धावायचे, नाहीतर एकट्याने चार जणांना चकवत पुढे जायचे. रहीमसाहेबांनी जमिनीलगतचे छोटे पास शिकवले. चेंडू पायाशी धरून ठेवणाऱ्यापेक्षा तो वेळेवर सोडणारा खेळाडू त्यांना मोलाचा वाटे. हे नुसते सांगून पोरे ऐकणार नाहीत, हे मास्तरांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्पर्धाच तशा भरवल्या. एखाद्या स्पर्धेत चेंडू घेऊन चकवायला बंदी, तर एखादीत फक्त कच्च्या पायाने खेळायची अट. उजव्या पायाच्या पोराला डावा पाय वापरावाच लागे. खेळता खेळता पोरे शिकत गेली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तो काळ सोपा नव्हता. शहरात भीती होती, काही घरे पाकिस्तानची वाट धरत होती. अशा दिवसांत, १९५० मध्ये, रहीमसाहेबांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली. मुंबईचा रोव्हर्स कप ही देशातली मानाची स्पर्धा. तो कप या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. कूपरेजवर त्यांचा खेळ पाहिलेले मुंबईकर तो कधी विसरले नाहीत. आणि विलीनीकरणाला अडीच वर्षे व्हायच्या आतच, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघामागे हाच हैदराबादी मास्तर उभा होता. अंतिम सामन्यात इराणला एका गोलने हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी मोठा फटका बसला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. थंड हवेत, परक्या मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.  मास्तरांनी संघ पुन्हा बांधायला घेतला.

त्या बांधणीतला एक पोरगा तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, गरीब घरातला. सरावाला रोज येण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. रहीमसाहेब त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे खिशातून देत. हाच बलराम पुढे देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक ठरला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बलराम होता. गोलरक्षक नारायण आणि नेव्हिल डिसोझा हे मुंबईचे होते. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले आणि त्यात डिसोझाने एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यानेच केला, पण सामना भारताने ४-१ असा गमावला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरिया जिंकला. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याच्या वर आपण कधीच गेलो नाही.

१९६२ साल उजाडले तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने घेरले होते. तशा अवस्थेत ते जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला संघ घेऊन गेले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. मग थायलंड आणि जपानला हरवून भारत सावरला. पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचाव फळीतल्या जर्नैलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. बचावात डोक्याने चेंडू अडवणे त्याला जमणार नव्हते. मास्तरांनी त्याला बसवले नाही, पुढच्या फळीत आणले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि दक्षिण व्हिएतनाम ३-२ असा हरला.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेला येऊ दिले नाही, यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर टीका केली होती. त्यामुळे जकार्ताचे लोक भारतावर चिडलेले होते. सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी पोरांना जवळ बोलावले आणि त्यांच्याकडे एकच भेट मागितली, सुवर्णपदक.

४ सप्टेंबरला सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात भारत मैदानात उतरला. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे होते ते पाकिस्तानचे हॉकीपटू, असे संघातले खेळाडू पुढे अनेकदा सांगत. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. काही मिनिटांतच दुसरा गोल झाला, तो टाके घातलेल्या जर्नैलसिंगचा. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण भारत २-१ असा जिंकला. त्या संघात बंगालचा चुनी गोस्वामी कर्णधार होता. पंजाबचा जर्नैलसिंग होता, गोव्याचा आणि मुंबईकडून खेळणारा फ्रँको होता, हैदराबादचे युसूफ खान आणि बलराम होते. मास्तरांना त्यांची भेट मिळाली.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. वय अवघे ५३. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, तेव्हा त्यांना जाऊन २२ वर्षे झाली होती. त्यांचे चिरंजीव हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते. ते २०२१ मध्ये गेले आणि बलराम २०२३ मध्ये. रहीमसाहेबांबद्दल आपल्या अनुभवातून सांगणारे एकेक करून निघून गेले.

रमजानमध्ये आम्ही गेलेल्यांसाठी दुआ मागतो. आमच्याकडे सदका-ए-जारिया असा एक शब्द आहे. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते, असे दान. कुणी विहीर खोदून जातो, कुणी झाड लावून, कुणी कुणाला काही शिकवून. रहीमसाहेबांनी कच्च्या पायाने खेळायला शिकवले आणि एका गरीब पोराला सायकलचे भाडे दिले. एखाद्या गावात संध्याकाळी एखादे पोरगे चेंडू स्वतःकडे न ठेवता शेजारच्याला देते, तेव्हा त्या मास्तरांचा धडा अजून चालू आहे असे मला वाटते.

मैदानाच्या कडेला बसलेली पोरे आता उठू लागली आहेत. मगरिबची अजान होईल. खजूर पुढे करताना पोरे आधी बाजूच्याला देतील आणि मग स्वतः घेतील. आजच्या दुआत एक नाव रहीमसाहेबांचेही असू द्या.