न्यायाधीश दलीपसिंग सौंद

आपल्या देशात न्यायाधीशाची नेमणूक सरकारकडून होते. तो लोकांच्या मतांनी निवडला जावा, ही कल्पना आपणांस नवलाची वाटेल. परंतु अमेरिकेतील अनेक राज्यांत ही रीत रूढ आहे. अशा एका न्यायासनावर निवडून आलेल्या भारतीयाचे चरित्र आम्ही यंदा ज्ञातिबांधवांसमोर ठेवीत आहो. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या प्रांताचेही नव्हेत. तथापि त्यांचे चरित्र आपल्या घराघरांतून सांगितले जावे, असे आम्हांस वाटते.

दलीपसिंगांचा जन्म १८९९ साली अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवाडी या खेड्यात झाला. १९२० मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९२४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. परंतु पदवी मोठी असली तरी तिचे चीज होईना. अखेर इम्पीरियल खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या मजुरांवर मुकादमी करून त्यांनी संसार उभा केला. पुढे शेतीत खोट आली. दिवाळे काढण्याची कायद्याने मुभा होती. तरी ती न घेता त्यांनी सावकारांची पै न् पै फेडली.

याहून मोठे शल्य निराळेच होते. १९२३ च्या एका निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांस नागरिकत्वास अपात्र ठरविले होते. त्यामुळे मत नाही आणि स्वतःच्या नावे शेतजमीनही नाही, अशी स्थिती झाली. दलीपसिंगांनी विखुरलेल्या देशबांधवांस एकत्र करून १९४२ मध्ये संघटना उभारली. इतर भारतीय कार्यकर्त्यांच्या बरोबरीने केलेल्या खटपटीस यश येऊन १९४६ साली कायदा बदलला. १९४९ च्या डिसेंबरात ते नागरिक झाले.

पुढल्याच वर्षी वेस्टमोरलँड गावच्या न्यायाधीशपदासाठी ते उभे राहिले व निवडून आले. परंतु नागरिकत्वास वर्ष पुरे झाले नव्हते, एवढ्यावरून ती जागा त्यांस नाकारण्यात आली! त्यांनी संताप केला नाही, की गाव सोडले नाही. १९५२ साली ते पुन्हा उभे राहिले. तुमच्या कोर्टात येणारास पगडी बांधावी लागेल काय, अशी थट्टा कोणी केली, तेव्हा डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे हेच आपण पाहतो, अशा आशयाचे शांत उत्तर त्यांनी दिले. लोकांनी त्यांसच निवडले. त्याच कायद्याच्या नावाने ते चार वर्षे न्यायदान करीत होते, ज्याने त्यांस इतकी वर्षे बाहेर ठेवले होते.

१९५६ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई वंशाचे गृहस्थ होत. १९६२ मध्ये पक्षाघाताने त्यांचे सार्वजनिक जीवन संपले व १९७३ साली ते निवर्तले.

विद्या, सचोटी आणि धीर हे गुण एकट्याने जोडता येतात. परंतु बंद दार उघडावयास संघटनाच लागते. हे ज्या दिवशी आपल्या तरुणांस पटेल, त्या दिवशी ही स्मरणिका काढल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.