शीतलतेचा उपासक : सर जेम्स ड्यूअर

लखनौचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना गार पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, दुपारी ‘लू’ वाहू लागते आणि गजबजलेले रस्ते ओस पडतात. अशा मुलुखात पाणी गार करणे ही नवाबी काळी एक स्वतंत्र विद्याच होती. बड्या घराण्यांत तिच्यासाठी ‘आबदारखाना’ असे आणि तेथील सेवकाला ‘आबदार’ म्हणत. सच्छिद्र मातीची सुरई, तिच्याभोवती ओले फडके, वाऱ्याच्या झोतात केलेली तिची मांडणी, हे सारे त्याच्या अखत्यारीत. याहून अधिक गारवा हवा असेल तर पाण्यात सोरा विरघळवून त्या पाण्यात सुरई फिरवीत असत. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे त्यामागचे कारण. ही युक्ती अकबराच्या दरबारातही होती. ज्या सोऱ्यापासून तोफेची दारू बनते, त्याच सोऱ्याने पाणी थंड होते, या योगायोगाचे कौतुक अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदविले आहे.

परंतु या साऱ्या उपायांना एक मर्यादा होती. सुरईचा गारवा बाष्पीभवनातून येतो. कोरड्या ‘लू’त ती उत्तम काम करते, पण पावसाळी दमट हवेत निष्प्रभ ठरते. आपल्या कोकणातील मंडळींना याचा अनुभव असेलच. शिवाय सुरई पाणी गार करील, पण गरम दूध गरम ठेवणे तिला साधणार नाही. पदार्थ उष्ण असो वा शीत, त्याला आहे त्याच स्थितीत तासन्‌तास जपून ठेवील असे भांडे जगाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. ते घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव सर जेम्स ड्यूअर. आपण ज्याला घरोघरी ‘थर्मास’ म्हणतो, त्याचे हे जनक. मात्र थर्मास ठाऊक असलेल्या शंभरांतील एकालाही हे नाव ठाऊक असेल की नाही, याची मला शंका वाटते.

जेम्स ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधील फोर्थ नदीकाठच्या किंकार्डिन या गावी झाला. वडील खानावळ चालवीत. भावंडांत जेम्स सर्वांत धाकटे. दहा वर्षांचे असताना गोठलेल्या पाण्यावरचा बर्फाचा थर फुटला आणि ते खाली पडले. पुढे संधिवाताच्या तापाने त्यांना ग्रासले आणि सुमारे दोन वर्षे त्यांना धड चालता-फिरता येईना. बर्फाने ज्याला असे जायबंदी केले, त्यानेच पुढे आयुष्यभर थंडीचा पाठलाग करावा, हा दैवदुर्विलास म्हणावा की काय, कोण जाणे!

या दुखण्याच्या काळात शाळा सुटली, पण शिक्षण सुटले नाही, असे मी म्हणेन. गावातील एका सुताराने या मुलाला व्हायोलिन बनविण्याची कला शिकविली. लाकूड पातळ तासणे, जोड बेमालूम बसविणे, कानाने स्वराची पारख करणे यांत त्याची बोटे तयार झाली. १८५४ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, त्यांनी बनविलेले व्हायोलिन पुढे त्यांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवात वाजविले गेले. प्रयोगशाळेतील आपल्या हस्तकौशल्याचा पाया त्या सुताराच्या दुकानात घातला गेला, असे ड्यूअर स्वतः मानीत. आपल्या शाळेत कार्यानुभवाचा तास गणिताला ‘देऊन टाका’ असे सुचविणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी हा परिच्छेद मी थोडा लांबविला आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले. त्याच सुमारास, १८५७ मध्ये, इकडे लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला होता आणि तो उठविण्यासाठी स्कॉटिश पलटणी अवधच्या मैदानात उतरल्या होत्या. किंकार्डिनचा हा पोरका मुलगा मात्र डॉलर येथील शाळेतून एडिंबरो विद्यापीठात गेला आणि लायन प्लेफेअर यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकू लागला. पुढे बेल्जियममध्ये गेंट येथे केकुले यांच्याकडेही त्याने काही काळ काढला. १८७५ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापकपद आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील फुलेरियन प्राध्यापकपद असा मान ड्यूअर यांना मिळाला. दोन्ही पदे त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. केंब्रिजमध्ये लिव्हिंग यांच्यासमवेत त्यांनी वर्णपटांचा दीर्घ अभ्यास केला, तरी त्यांचे मन रमले ते लंडनमध्येच. जेथे मायकेल फॅरेडे यांनी आयुष्य वेचले, त्याच वास्तूत ड्यूअर पतिपत्नी राहत. त्यांना मूलबाळ नव्हते. प्रयोगशाळा हाच त्यांचा संसार.

फॅरेडे यांनी अनेक वायूंचे द्रवात रूपांतर करून दाखविले होते, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे काही वायू कशालाही दाद देत नव्हते. त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणत. १८७७ मध्ये फ्रान्सचे काय्येते आणि स्वित्झर्लंडचे पिक्ते यांनी ऑक्सिजनचे क्षणभर टिकणारे थेंब मिळविले आणि १८८३ मध्ये पोलंडमधील क्राकोच्या दोन शास्त्रज्ञांनी तो द्रवरूपात पाहण्याइतका जमविला. ड्यूअर यांनी त्याच्या पुढची मजल मारली. त्यांनी यंत्रे उभारून द्रव ऑक्सिजन भरपूर प्रमाणात तयार केला. हा फिकट निळा द्रव लोहचुंबकाकडे ओढला जातो, हेही त्यांनी दाखवून दिले.

आता अडचण आली ती साठवणुकीची. द्रव ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंशांवर उकळतो. त्याच्या दृष्टीने लंडनची हिवाळी हवासुद्धा भट्टीच! साध्या काचपात्रात ओतला की तो खळखळून उकळे, पात्राबाहेर दवाचा बर्फ जमे आणि आत काय चालले आहे तेही दिसेनासे होई. उष्णता तीन वाटांनी आत शिरते : वहन, अभिसरण आणि प्रारण. आठवीच्या वर्गात आपण हे शिकलोच आहोत. पहिल्या दोन वाटांना काहीतरी माध्यम लागते. माध्यमच काढून घेतले तर? सुमारे वीस वर्षांपूर्वी एका वेगळ्या प्रयोगासाठी ड्यूअर यांनी निर्वात आवरणाचे एक पितळी भांडे वापरले होते. तीच कल्पना १८९२ मध्ये त्यांनी काचेत उतरविली. एकात एक बसणारी दोन काचपात्रे, फक्त तोंडाशी जोडलेली, आणि मधल्या पोकळीतील हवा शक्य तितकी काढून घेतलेली. तिसरी वाट प्रारणाची. तिला निर्वात जागा अडवू शकत नाही, पण आरसा अडवू शकतो. पोकळीत राहिलेली पाऱ्याची वाफ थंड काचेवर जमून तिचा चकचकीत थर बनतो, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे काचेला चांदीचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. घरातला जुना थर्मास उघडून आत डोकावले की जी रुपेरी चमक दिसते, ती शोभेची नव्हे, हे एवढ्यावरून कळावे. उष्णतेला उरलेली चोरवाट म्हणजे बूच आणि तोंडाजवळची काच. म्हणूनच थर्मासचा गळा अरुंद ठेवतात.

रॉयल इन्स्टिट्यूशनमधील शुक्रवारच्या सायंव्याख्यानांत ड्यूअर अशा पात्रांतून द्रवरूप हवा ओतून दाखवीत, तेव्हा लंडनचे प्रतिष्ठित स्त्री-पुरुष थक्क होऊन पाहत राहत. व्याख्यानाची तयारी ते अतिशय काटेकोरपणे करीत. मात्र पडद्यामागचे चित्र इतके रमणीय नव्हते. उच्च दाबाखालील वायू आणि निर्वात काच यांच्याशी रोजचा खेळ म्हणजे स्फोटाशी खेळ. लेनॉक्स आणि हीथ या त्यांच्या दोघाही साहाय्यकांनी अशा अपघातांत एकेक डोळा गमावला. तरीही ते दोघे त्यांच्याजवळ काम करीत राहिले. विज्ञानाच्या इतिहासात अशी नावे सहसा तळटिपेत जातात, म्हणून ती येथे मुद्दाम लिहिली आहेत.

१० मे १८९८ रोजी ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूपात आणला. शून्याखाली सुमारे २५३ अंश! हाती आलेला द्रव अवघा २० घन सेंटिमीटर, म्हणजे चार चमचे. पुढच्याच वर्षी त्यांनी तो गोठवून घनही केला. त्या काळी पृथ्वीवर इतकी थंड जागा दुसरी नव्हती. आता एकच वायू उरला होता, हेलियम. तेथे मात्र यशाने हुलकावणी दिली. ड्यूअर यांना बाथ येथील उष्ण झऱ्यांतून निघणारा वायू वापरावा लागे. त्यातील निऑन गोठून यंत्राच्या झडपा बंद पाडी. हेलियमचा जाणकार विल्यम रॅम्से लंडनमध्येच होता, पण त्याच्याशी ड्यूअर यांचे हाडवैर. कोणाचा शोध आधी आणि कोणाचा नंतर, यावरून दोघांत जाहीर खटके उडत. दोन मोठी माणसे एका शहरात राहून एकमेकांच्या दारी गेली नाहीत, आणि १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूपात आणला. त्यासाठी त्यांनी वापरलेली पात्रे ड्यूअर यांच्याच धर्तीची होती. ओनेस यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रॅम्से यांना ते १९०४ मध्येच मिळाले होते. ड्यूअर यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, परंतु तो मान त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

त्यांच्या स्वभावाविषयी समकालीनांचे फारसे गोड मत नव्हते. ते तापट होते, श्रेयाच्या बाबतीत अतिशय हळवे होते, आणि शिष्यांची परंपरा निर्माण करणे त्यांना जमले नाही. एक शिक्षिका म्हणून हे शेवटचे मला सर्वांत अधिक खटकते. ओनेस यांनी लायडेनमध्ये कुशल कारागिरांची शाळाच उभारली. ड्यूअर यांनी आपल्याबरोबर दोन-तीन माणसे ठेवली, एवढेच.

आता थर्मासच्या व्यापाराची कथा. ड्यूअर यांनी आपल्या पात्राचे पेटंट घेतले नाही. बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ड बर्गर यांना या पात्राचे घरगुती मोल कळले. त्यांनी नाजूक काचेला धातूचे कवच दिले, वर बूच बसविले आणि १९०३ मध्ये आपल्या बाटलीचे पेटंट मिळविले. पुढच्या वर्षी ‘थर्मोस’ या नावाने कंपनी निघाली. हे नाव उष्णतावाचक ग्रीक शब्दावरून आले. प्रवासी, ध्रुवीय मोहिमांवरचे शोधक, लेकुरवाळ्या आया, सर्वांनी ती बाटली उचलली. ड्यूअर न्यायालयात गेले, पण पेटंटच नसल्याने त्यांचा काही उपयोग झाला नाही.

या प्रसंगाचा उल्लेख करताना ड्यूअर यांना निःस्वार्थी ऋषी म्हणून रंगविण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. याच ड्यूअर यांनी १८८९ मध्ये फ्रेडरिक एबेल यांच्यासह ‘कॉर्डाइट’ ही धूरविरहित स्फोटक दारू शोधली आणि तिचे पेटंट रीतसर घेतले. त्यावरून खुद्द आल्फ्रेड नोबेल यांच्या बाजूने खटला झाला आणि नोबेल तो हरले. तेव्हा पेटंटचे महत्त्व ड्यूअर यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या लेखी ते काचपात्र म्हणजे द्रव हवेसाठीचे एक साधन होते, इतकेच. त्यात कोणी चहा भरील, हे त्यांच्या मनातही आले नसावे. अबुल फजलने सोऱ्याविषयी जे आश्चर्य नोंदविले, ते ड्यूअर यांच्या आयुष्यालाही लागू पडते : एकाच हाताने स्फोट घडविले आणि शीतलताही जपली.

उत्तरायुष्यात मानसन्मान आले. १९०४ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, १९१६ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळाले. पहिल्या महायुद्धात पैसा आणि माणसे आटली, तेव्हा खर्चिक शीतप्रयोग बाजूला ठेवून या वृद्धाने साबणाचे फुगे हाती घेतले! लहान मुलांपुढे पूर्वी त्याच विषयावर त्यांनी नाताळची व्याख्याने दिली होती. आता ते त्या तलम पडद्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू लागले आणि बंदिस्त पात्रांत त्यांनी काही फुगे महिनोन्‌महिने टिकवून दाखविले. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांचे काम चालू होते. २७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे थर्मास घरोघरी पोहोचला त्यात तळेगाव दाभाडे येथील ईगल फ्लास्कच्या कारखान्याचा वाटा मोठा. रुग्णालयात पेज नेणारी आजी आणि पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईहून लखनौला निघालेले कुटुंब यांच्या पिशवीत तो हमखास असे. आतली काच फुटली की नवी बसवून घेण्याची घाईही अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आता पोलादी थर्मास आले. त्यांत काच नाही, पण दोन भिंती आणि मधली निर्वात पोकळी तीच आहे.

प्रयोगशाळांत या पात्राला आजही ‘ड्यूअर’ म्हणतात. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे उभारलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने संकरित गोपैदाशीचे काम खेडोपाडी नेले, ते अशाच पात्रांच्या बळावर. त्यांत शून्याखाली १९६ अंशांवरील द्रव नायट्रोजनमध्ये वळूंचे गोठविलेले वीर्य ठेवलेले असते, आणि ते दुचाकीवरून थेट गोठ्यापर्यंत जाते. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोमध्ये माशांचे शुक्रबीज याच रीतीने गोठवून जतन करतात. बाहेर ‘लू’ वाहत असली तरी आत ते वर्षानुवर्षे टिकते. मात्र कितीही उत्तम पात्र असले तरी थोडा नायट्रोजन उडून जातोच, त्यामुळे त्याची पातळी मोजून तो वेळच्या वेळी पुन्हा भरावा लागतो.