विश्लेषण : नोंदवहीत न मावलेला पिचर! सॅचेल पेजचे आत्मकथन आजही का वाचले जाते?

बेसबॉल हा आकड्यांचा खेळ. प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवला जातो. मात्र या खेळातील सर्वोत्तम पिचरमध्ये गणल्या जाणाऱ्या सॅचेल पेजच्या ऐन उमेदीच्या २० वर्षांचा पूर्ण हिशेब कुठेच नाही. तो होता कृष्णवर्णीय. त्यामुळे ही वर्षे त्याने स्वतःच गोष्टींतून जपली.

सॅचेल पेज कोण होता?

लिरॉय पेजचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील शहरात झाला. १२ भावंडे, आई कपडे धुण्याची कामे करायची. लहानपणी तो रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा. काठीला बऱ्याच बॅगा अडकवून एकाच खेपेत नेण्याची युक्ती त्याने काढली आणि ‘सॅचेल’, म्हणजे बॅग, हे नाव पडले, असे तो सांगे. त्याच्या बालमित्राच्या मते मात्र बॅग चोरताना पकडला गेल्याने हे नाव मिळाले! किरकोळ चोरी आणि शाळेला दांडी मारल्याबद्दल १२ व्या वर्षी त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तिथल्या पाच वर्षांत तो पिचिंग शिकला. (पिचर म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजासारखा चेंडू टाकणारा खेळाडू.)

मोठ्या स्पर्धेचे दार बंद का होते?

मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना न घेण्याचा अलिखित नियम होता. त्यांच्यासाठी ‘निग्रो लीग’ या वेगळ्या स्पर्धा होत. १९२६ पासून पेज तिथे खेळला. उरलेल्या काळात गावोगावी प्रदर्शनीय सामने. अनेक ठिकाणी हॉटेलात खोली नाही, जेवण नाही. अशा सामन्यांचे स्कोअरकार्ड जपणार कोण? सीमेजवळचे क्षेत्ररक्षक आत बोलावून तो फलंदाजाला बाद करायचा, हे लोकांनी पाहिले आणि पुढच्या गावात सांगितले. पेजही सांगत राहिला. दंतकथा जितकी मोठी, तितकी तिकिटे जास्त खपत.

वयाचे गूढ काय?

त्याचे वय किती, हा तेव्हा वृत्तपत्रांचा आवडता प्रश्न. जन्माची नोंद असलेले घरचे बायबल बकरीने खाल्ले, असे पेज सांगायचा. हसून विषय टळायचा आणि लोकांचे कुतूहलही टिकायचे.

संधी कधी मिळाली?

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली. पेजचा तरुण सहकारी आधी निवडला गेला. पहिला मान आपला होता, ही सल पेजच्या मनात राहिली. पुढच्या वर्षी ४२ व्या वाढदिवशी क्लीव्हलँड इंडियन्सने त्याला करारबद्ध केले. या वयात हा खेळाडू ‘नवोदित’ ठरला! त्या मोसमात त्याच्या नावावर सहा विजय आणि एक पराभव लागला. ऑगस्टमधील एका सामन्याला ७८ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. क्लीव्हलँडने त्या वर्षी वर्ल्ड सीरिजही जिंकली. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून तीन डाव खेळला. एकही धाव दिली नाही.

आत्मकथनात काय आहे?

‘मेबी आय’ल पिच फॉरएव्हर’ हे आत्मकथन १९६२ मध्ये आले. पेजने सांगितले, पत्रकार डेव्हिड लिपमन यांनी शब्दांकन केले. भाषा गप्पांची, विनोद जागोजागी. पण हसता हसता वाचक बंद दारांपाशी येऊन थांबतो. पेजच्या गोष्टींत अतिशयोक्ती आहेच. अडीच हजारांहून अधिक सामने खेळल्याचा त्याचा दावा तपासणे अवघड आहे. मात्र तो तपासता येत नाही, याचे कारण पेजची बढाई नसून त्याला नोंदीबाहेर ठेवणारी व्यवस्था आहे.

आज नोंदी काय सांगतात?

१९७१ मध्ये हॉल ऑफ फेमने आधी निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग ठरवला. टीका झाल्यावर पेजला बरोबरीचे स्थान मिळाले. जून १९८२ मध्ये त्याचे निधन झाले. २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधील निग्रो लीग स्पर्धांना समान दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ती आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली. गावोगावचे प्रदर्शनीय सामने मात्र अजूनही त्यात नाहीत. त्यांच्यासाठी आजही पेजच्या गोष्टींकडेच जावे लागते.