सेल्फ फिरतो, पण गाडी धरत नाही : चार्ल्स केटरिंग यांची गोष्ट

पहाटे तीनची वेळ. पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून झालेले, लिलाव सकाळी लवकर. चावी फिरवली की सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या दारात मी हे डोळ्यांनी पाहिलं. अर्धा तास सेल्फ मारून बॅटरी झोपवली, मग सगळ्यांनी बॅटरीलाच दोष दिला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली, तीही दमली. अजून एकदा मारून बघा असं सांगणाऱ्यांत मीही होतोच. उजाडल्यावर मेस्त्री आला. डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची निसटलेली वायर त्यानं जागेवर बसवली आणि गाडी सुरू झाली. तोवर लिलाव उरकला होता, माल पडत्या भावात द्यावा लागला.

त्या दिवसापासून मनात होतं की या सेल्फबद्दल आणि तो ज्यांनी आणला त्या माणसाबद्दल एकदा लिहावं. गंमत अशी, की गाडीचा सेल्फ आणि पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारी बॅटरी-कॉईलची व्यवस्था, या दोन्ही गोष्टी गाडीत रुजवण्याचं श्रेय एकाच माणसाकडे जातं. आणि तो माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता.

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतावर झाला. घरची परिस्थिती साधी. डोळे लहानपणापासून कमजोर, वाचायला बसलं की डोकं ठणकायचं. काही काळ त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. पुढे विद्यापीठात गेले, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्ध्यावर सोडावं लागलं. मग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम धरलं. खांबासाठी खड्डे खणायचे, तारा ताणायच्या, लाईन कुठं तुटली ते शोधत फिरायचं. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण इथं झालं. तुटलेली लाईन शोधणारा माणूस सगळी तार बदलत बसत नाही. तो अर्ध्यावर जाऊन बघतो, करंट इथवर येतोय का, आणि मग पुढे किंवा मागे सरकतो. नंतर ते विद्यापीठात परतले, सोबतची मुलं त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची, आणि 1904 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले.

पहिली मोठी नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातलं गल्ल्याचं यंत्र तेव्हा हातानं दांडा फिरवून चालायचं. केटरिंग यांनी त्याला छोटी मोटर बसवली. मोटरला दिवसभर चालायचं नव्हतं, क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं, म्हणून ती लहान असली तरी भागायचं. हीच गोष्ट पुढे गाडीच्या कामी आली.

1909 साली एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर त्यांनी डेल्को ही कंपनी काढली. सुरुवातीचं काम डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात, नोकरीच्या वेळेनंतर, रात्री जागून चालायचं. पहिलं काम होतं ठिणगीचं. त्या काळच्या थरथरणाऱ्या कॉईल एकामागून एक ठिणग्या सोडायच्या आणि ड्राय सेल लवकर संपवायच्या. केटरिंग यांनी योग्य क्षणी एकच जोरदार ठिणगी पाडणारी व्यवस्था केली आणि कॅडिलॅक कंपनीनं ती आपल्या गाड्यांत घेतली.

ही व्यवस्था कशी चालते ते जरा सावकाश बघा, कारण जुन्या पेट्रोल जीप आणि मोटारसायकली याच तत्त्वावर वर्षानुवर्षं पळाल्या. बॅटरीचा करंट कॉईलमधून जातो आणि पॉइंटमधून अर्थ होतो. पॉइंट उघडला की करंट एकदम तुटतो आणि कॉईलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो डिस्ट्रिब्युटरमार्फत प्लगवर जातो आणि ठिणगी पडते. पॉइंटशेजारचा कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी होऊ देत नाही. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडतात, प्लगवरची ठिणगी मरतुकडी होते आणि सेल्फ कितीही फिरवला तरी इंजिन धरत नाही.

आता सेल्फकडे. तोवर गाडी हँडल मारून सुरू करायची. ऑइल इंजिनाचं हँडल ज्यांनी मारलंय त्यांना सांगायला नको, ते उलटं फिरलं की मनगट जातं, कधी जबडाही. गाडीबांधणीतले बायरन कार्टर 1908 साली अशाच हँडलच्या तडाख्यानंतर दगावले, असं सांगतात. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांना ही गोष्ट फार लागली आणि त्यांनी केटरिंग यांच्याकडे उपाय मागितला. इंजिन फिरवायचं तर गाडीवर मावणार नाही एवढी मोठी मोटर लागेल, असं जाणकारांचं मत होतं. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवली. मोटरनं काही सेकंदच जोर लावायचा आहे, मग ती मोठी कशाला? फेब्रुवारी 1911 मध्ये सेल्फ लावलेली गाडी तयार झाली आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो सगळ्या गाड्यांना बसून आला. एकच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवायचं आणि नंतर डायनामो म्हणून बॅटरी भरायचं.

यातच आपल्या पहाटेच्या भानगडीचं उत्तर आहे. सेल्फचा करंट जाड केबलमधून जातो, शेकडो अँपिअर. ठिणगीचा, पेट्रोल पंपाचा, सोलेनॉइडचा करंट बारीक वायरींतून जातो, मोजके अँपिअर. म्हणजे सेल्फ जोरात फिरला तर बॅटरी, जाड केबल आणि स्टार्टर ठीक आहेत एवढंच कळतं. बारीक वायरींबद्दल तो काहीच सांगत नाही. तिथं बॅटरी बदलून उपयोग नाही. सेल्फ जड, रखडत फिरत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर मात्र बॅटरी किंवा तिचं अर्थिंग आधी बघा. दाब खाली आला की सेल्फ कसाबसा फिरतो, पण ठिणगीला काही उरत नाही.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसतेच, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. पण पंपावर सोलेनॉइड असेल तर चावी ऑन केल्यावर तिथं टक् असा आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज आणि त्याची वायर बघा. थंडीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी ऑन करताच पंपाची बारीक घरघर सेकंद दोन सेकंद ऐकू येते. ती नसेल तर फ्यूज बघा, मग पंपाच्या रिलेच्या जागी तसाच दुसरा, समजा हॉर्नचा, रिले लावून बघा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडी चावी ओळखत नाही, दुसरी चावी आणा. इंजिन तापल्यावर बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि पेट्रोलचा वास सुटला असेल तर प्लग काढून ठिणगी बघण्याचा उद्योग अजिबात करू नका.

केटरिंग यांच्यावरही एकदा नको तो आळ आला होता. इंजिनात ठोके पडू लागले आणि लोक म्हणू लागले की दोष त्यांच्या बॅटरीच्या ठिणगीचा. त्यांनी हुज्जत घातली नाही. सहकारी थॉमस मिजली यांना कामाला लावलं आणि इंजिनाच्या आतला दाब मोजण्याचं साधन केलं. ठोका ठिणगी पडून गेल्यानंतर बसतो, दोष इंधनाचा आहे, हे त्यातून दिसलं. इथवर सगळं झकास. पण 1921 मध्ये मिजली यांना जो उपाय सापडला तो होता शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळण्याचा. 1924 मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेनं मेले. शिसं घातक असतं हे तेव्हाही माहीत होतं, तरी केटरिंग यांनी त्याची बाजू सोडली नाही. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, जगात शेवटी 2021 मध्ये. त्यांचं मोठेपण सांगताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

शेताला मात्र ते विसरले नव्हते. वीज न पोचलेल्या शेतांसाठी त्यांनी 1916 मध्ये डेल्को-लाइट हा संच आणला, छोटं इंजिन, डायनामो आणि 32 व्होल्टच्या बॅटऱ्या. आईच्या घरातला कंदील त्यातून गेला. 1920 पासून 1947 पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. तिथं 1923 मध्ये त्यांची हवेनं थंड होणारी तांब्याच्या पंखांची गाडी सपशेल फसली आणि बाजारातून परत घ्यावी लागली. रेल्वेच्या डिझेल इंजिनात मात्र त्यांना यश आलं.

उतारवयात त्यांना एकच प्रश्न सतावत होता, गवत हिरवं का आणि ते उन्हातून अन्न कसं करतं. त्यासाठी त्यांनी स्वतःचा पैसा घालून संशोधन चालवलं. 25 नोव्हेंबर 1958 रोजी ते डेटनमध्ये वारले, तेव्हा तो प्रश्न पुरता सुटलेला नव्हता. त्यांची पॉइंट-कॉईलची व्यवस्था मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं गाड्यांत चालू राहिली.