ऑर्गनच्या भात्यावर उडालेलं विमान

संगणकासमोर बसून खोटंखोटं विमान उडवणारी मुलं आज आपल्या घरांतून दिसतात. या ‘खेळा’ची सुरुवात झाली चक्क एका ऑर्गनच्या कारखान्यात!

एडविन लिंक यांचा जन्म १९०४ सालचा, इंडियाना राज्यातला. पुढे वडिलांनी न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला पियानो-ऑर्गनचा कारखाना घेतला. पोराला वेड मात्र विमानाचं. १९२० मध्ये ५० डॉलर मोजून पहिला धडा घेतला, पण शिक्षकाने विमानाच्या दांड्याला हातही लावू दिला नाही. जमिनीवरच शिकता आलं तर? हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून राहिला.

आपल्या पेटीसारखाच ऑर्गनलाही भाता असतो. कारखान्याच्या तळघरात लिंक यांनी असेच भाते जोडून एक लुटुपुटूचं विमान बनवलं. दांडा हलवला की भात्यात हवा कमी-जास्त होऊन ते कलायचं, वळायचं. १९२९ साली ते तयार झालं. पण गिऱ्हाइकं कोण, तर करमणुकीची उद्यानं!

ढगात शिरल्यावर माणसाचा कान दगा देतो. विमान कललेलं असतं आणि वाटतं, आपण सरळ चाललोय. तिथे काट्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपालवाहतूक आली आणि थंडी-धुक्यात काही आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक दगावले. लिंक मात्र दाट धुक्यात, केवळ काट्यांच्या आधारे, नेवार्कला अधिकाऱ्यांपुढे उतरले. सैन्याने सहा यंत्रं घेतली. शिकणारा झाकणाखाली बंद, बाहेरचं काही दिसत नाही. शेजारच्या टेबलावर शिक्षक त्याचा मार्ग नकाशावर उमटताना बघतोय. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर वैमानिक असे तयार झाले.

पुढे लिंक समुद्राकडे वळले. १९७३ साली त्यांची छोटी पाणबुडी फ्लोरिडाजवळ बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. त्यात त्यांचा मुलगा क्लेटन गेला. हा बाप खचून बसला नाही. अडकलेल्या पाणबुडीची सुटका करणारं यंत्र बनवण्याच्या मागे लागला. १९८१ मध्ये लिंक वारले.

चूक जमिनीवर झाली तर जीव जात नाही, हे त्यांनी जगाला दाखवलं. घरातलं पोर पडद्यावर विमान आपटेल, तेव्हा रागावू नका. पुन्हा उडव म्हणा!